चाकांवरच्या घराचा जीर्णोद्धार

हैदराबादेत पुरानापुलाकडून गोवळकोंड्याच्या दिशेने निघाले की कारवान नावाची जुनी वस्ती लागते. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५७८ साली, मुसी नदीवर हा पूल बांधला गेला. पूल आणि किल्ला यांना जोडणाऱ्या वाटेवर देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचे तांडे उतरत, म्हणून त्या वस्तीचे नाव कारवान. १६७१ च्या सुमारास बांधलेली तोली मशीद तेथे आजही उभी आहे. आमच्या पिढीने हे नाव बसच्या पाटीवर हजारदा वाचले असेल. त्याचा अर्थ मात्र माझ्या मनात उतरला तो हजारो मैल दूर, इंग्लंडमधील रेडिंग या गावी, एका शेजाऱ्याच्या अंगणात.

सेवानिवृत्तीनंतर, २०१९ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, आम्ही उभयता मुलीकडे रेडिंगला होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत. त्यांनी आयुष्यभर शाळेत सुतारकाम शिकवले होते. त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, उभी होती. १९६० च्या दशकातील ती गाडी पुन्हा प्रवासाला नेण्याचा त्यांनी चंग बांधला होता. ‘आमच्या शहरात कारवान नावाचा मोहल्ला आहे,’ असे मी सहज बोललो आणि त्यांनी मला आत बोलावले. त्या दिवसापासून मी त्यांचा बिनपगारी मदतनीस झालो. तेथे जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते या लेखात मांडत आहे.

प्रथम शब्दाविषयी. फारसी ‘कारवान’ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा. हा शब्द फ्रेंचमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत गेला. सतराव्या शतकात आच्छादलेल्या मोठ्या गाडीलाही तेथे कॅराव्हॅन म्हणू लागले, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दाचे शेपूट तोडून ‘व्हॅन’ हा शब्द तयार झाला. आपल्या दाराशी शाळेची मुले न्यायला येणारी व्हॅन ही अशी कारवानचीच नात ठरते. आपल्या दख्खनमध्ये तांड्याचे हे काम लमाणांनी केले. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते मुलुखभर हिंडत आणि फौजांना रसद पुरवीत. हैदराबादच्या बंजारा हिल्स या नावात त्यांची आठवण टिकून आहे. तथापि त्यांच्याजवळ पाठीवरचे ओझे होते, चाकांवरचे घर नव्हते.

इंग्लंडमध्ये चाकांवरचे घर रूढ झाले ते प्रामुख्याने जत्रेतील खेळवाले आणि जिप्सी यांच्यामुळे. चार्ल्स डिकन्सच्या १८४०-४१ मधील ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीत मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन घेऊन हिंडणारी मिसेस जार्ली अशाच एका कॅराव्हॅनमध्ये राहते. जिप्सी लोक त्या काळापर्यंत बहुधा पालांतच राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांनी घोड्यांनी ओढायच्या घरगाड्या स्वीकारल्या. या गाड्यांचा एक प्रसिद्ध प्रकार ‘रेडिंग’ याच नावाने ओळखला जातो, कारण त्या गावी डंटन यांच्या कारखान्यात तशा गाड्या बांधल्या जात. जिप्सींचे, म्हणजे रोमा लोकांचे, पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, हे आधी भाषाशास्त्राने आणि अलीकडे जनुकशास्त्रानेही दाखवून दिले आहे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. आपण मुलूख सोडून दोन-तीन शतके दूर राहिलो आणि तरी भाषा टिकवली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. या लोकांनी ती हजार वर्षे चाकांवर आणि पालांत टिकवली.

केवळ हौसेखातर, प्रवासाच्या आनंदासाठी घरगाडी बांधवून घेणाऱ्यांत पहिले नाव घेतले जाते ते डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे. ते मूळचे स्कॉटलंडचे, आरमारातील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. रेडिंगपासून सात-आठ किलोमीटरांवरील ट्वायफर्ड या गावी ते राहत. जिप्सींच्या गाड्या पाहून त्यांनी ब्रिस्टॉलच्या वॅगन कारखान्याकडून १८८५ साली महोगनी लाकडाची, आतून मेपलच्या फळ्या लावलेली, सुमारे अठरा फूट लांबीची गाडी करून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘वॉन्डरर’, म्हणजे भटकी. आरमारातील माणूस असल्यामुळे तिला ते जमिनीवरचे जहाज म्हणत. दोन घोडे ती ओढीत. रस्ता मोकळा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जाई. त्याच वर्षी ट्वायफर्डहून निघून सुमारे १,३०० मैलांचा प्रवास करीत ते स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसला पोहोचले आणि पुढील वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हा स्टेबल्स यांना उपाध्यक्षपद देण्यात आले. ‘वॉन्डरर’ गाडी आजही जतन केलेली आहे.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, केनेथ ग्रॅहम यांचे ‘द विंड इन द विलोज’ हे बालकांचे पुस्तक आले. त्यातील टोड नावाचा बेडूक मोठ्या हौसेने पिवळ्या रंगाची जिप्सी गाडी घेऊन निघतो. वाटेत भरधाव मोटारीमुळे गाडी खड्ड्यात जाते, आणि टोड मात्र मोटारीच्याच प्रेमात पडतो. एका युगाची अखेर या प्रसंगात नेमकी पकडली गेली आहे. १९१९ पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन बांधण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्पर यांच्या ‘स्प्राइट’सारख्या स्वस्त गाड्या निघाल्या, आणि गिरणी-कारखान्यातील कामगाराला, शाळामास्तरालाही सुटीत समुद्रकाठी स्वतःचे छप्पर नेणे परवडू लागले. महोगनीची जागा साध्या लाकडाच्या चौकटीने घेतली. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आत हार्डबोर्ड आला. स्टेबल्स यांची गाडी दोन टनांच्या आसपास भरे; शेजाऱ्यांची गाडी सामानासह जेमतेम आठशे किलो होती. स्वस्त आणि हलकी गाडी बहुतांना मिळाली, पण ती साठ वर्षे टिकावी अशा हेतूने कोणी बांधली नव्हती. जीर्णोद्धाराची खरी अडचण येथूनच सुरू होते.

अशा गाडीचा शत्रू गंज नसून ओल हा असतो. पत्र्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात भरलेले लांबण कालांतराने वाळते, त्याला भेगा जातात, आणि थेंबथेंब पाणी आत शिरते. ते बाहेरून दिसत नाही. पत्रा चकचकीत असतो आणि आतली लाकडी चौकट भाकरीसारखी मऊ झालेली असते. शेजारी प्रथम अंगठ्याने भिंती दाबीत फिरले. जेथे हार्डबोर्ड दबला तेथे त्यांनी खडूने फुली मारली. एकूण अकरा फुल्या झाल्या. मी मनाशी हिशेब केला आणि माझ्या सरकारी डोक्यात एक जुना शेरा आपोआप उमटला.

तो शेरा कोणता, हे सांगणे भाग आहे. नोकरीच्या काळात जुन्या वस्तू निकालात काढणाऱ्या समित्यांवर काम करण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली. जीप, तंबू, छपाईयंत्रे, सागवानी कपाटे अशा वस्तूंच्या याद्या येत आणि शेवटच्या रकान्यात एक ठरावीक इंग्रजी वाक्य असे. त्याचा मराठी अर्थ ‘दुरुस्ती परवडणारी नाही’ असा. त्याखाली मी सही करीत असे. वस्तू पाहिली की नाही, असे कोणी विचारीत नसे. मीही स्वतःला विचारले नाही.

शेजाऱ्यांना मी सुचवून पाहिले, ‘यापेक्षा नवी गाडी स्वस्त पडेल.’ ते म्हणाले, ‘पडेल की. पण उघडून पाहिल्याशिवाय ते मी कसे म्हणू?’ आणि त्यांनी मागच्या कोपऱ्यातील पत्र्याचे स्क्रू काढायला घेतले.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जेथे लोखंडी स्क्रू लावलेले होते, तेथे पांढरी भुकटी जमली होती. दोन भिन्न धातू ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की एक धातू झिजतो, हे त्यामागचे कारण. पत्रा दूर केल्यावर चौकट दिसली. अकरा फुल्यांपैकी चारच ठिकाणी लाकूड खरोखर कुजले होते; उरलेल्या ठिकाणी फक्त हार्डबोर्ड फुगला होता. कुजलेला तुकडाही त्यांनी फेकला नाही. त्यावर क्रमांक घातला, छायाचित्र काढले, आणि त्याच मापाचा नवा तुकडा करण्यासाठी तो साचा म्हणून वापरला. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा, तिरका छेद घ्यायचा, आणि त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा तिरक्या सांध्यात बसवायचा, ही त्यांची पद्धत. तिरका सांधा का, असे विचारल्यावर ते म्हणाले, की जुने आणि नवे लाकूड जितक्या लांबवर एकमेकांना धरून राहील, तितका भार वाटला जातो.

त्या गाडीत त्यांनी वस्तूंचे तीन ढीग केले होते. ज्यावर जीव अवलंबून आहे, म्हणजे टायर, ब्रेक, गॅस आणि विजेच्या तारा, तेथे जुन्याची माया धरायची नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने तडकते, म्हणून दोन्ही टायर नवे आले. ब्रेकचे अस्तर बदलले. चाकांचे बेअरिंग उघडून, पुसून, त्यांत ताजे ग्रीस भरले. गॅसची रबरी नळी, दाबनियंत्रक आणि सांधे यांचे काम परवानाधारक कारागिराने करून दिले. चुलीमागे उष्णता रोखण्यासाठी एक करडी पाटी होती. ती ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता होती, म्हणून शेजाऱ्यांनी तिला हातही न लावता जाणकारांकरवी काढवून घेतले. दुसरा ढीग हाताला लागणाऱ्या वस्तूंचा : दाराची मूठ, खिडकीची कडी, घडीचे मेज, भांड्यांचा कप्पा. या कधीही बदलायच्या नाहीत, कारण त्यांच्याच रूपाने ती गाडी ओळखीची राहते. तिसऱ्या ढिगात उरलेले सारे. तेथे गरजेप्रमाणे निर्णय. छताखालचे गॅसचे दिवे दुसऱ्या ढिगातले खरे, पण त्यांची नळी पहिल्या ढिगातली. त्यांनी नळी तोडून बंद केली आणि दिवे जागच्या जागी ठेवले. उजेडासाठी शेजारी लहान विजेचे दिवे लावले.

हे पाहताना मला आपल्याकडचा जीर्णोद्धार हा शब्द आठवला. वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात होळकर घराण्याने पुन्हा उभे केले. आज तेथे जाणारा भाविक कोणता दगड कोणत्या काळातला असे विचारीत नाही. देवळात घंटा वाजते, पूजा चालते, हे त्याला पुरेसे असते. वस्तुसंग्रहालयातील वस्तूला फक्त तिचे रूप राखायचे असते. नांदते देऊळ किंवा चालती गाडी यांना रूप राखून काम करायचे असते, आणि म्हणून त्यांना काहीतरी सोडावे लागते. काय सोडायचे हे ठरवण्यात सगळे शहाणपण असते.

आता प्रवासाच्या तयारीविषयी. जड सामान खाली आणि आसाच्या वर ठेवायचे, हलके वर आणि टोकांना. मोटारीच्या आकड्यावर कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार यावा, असा नियम आहे. आठशे किलोंच्या गाडीला म्हणजे चाळीस ते छप्पन किलो. हा भार कमी पडला तर गाडी वेगात डोलू लागते आणि मोटारीलाही बरोबर ओढते. मी म्हणालो, ‘आमच्या बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाले तर मान दबते.’ शेजारी हसून म्हणाले, ‘मग हे तुम्हाला शिकवायला नको.’

मला मात्र हसू आले नाही. आमच्या घराण्याचे मूळ गाव नांदेडकडचे. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि हैदराबाद एकाच छत्राखाली होते. गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास खुला झाला, त्याच्या आधी माझे पणजोबा दमणीतून हैदराबादेस आले. दमणी म्हणजे वर आच्छादन असलेली हलकी बैलगाडी. दहा-बारा मुक्काम करीत, वाटेत नदीकाठी चूल मांडीत, देवांची पेटी मांडीवर घेऊन पणजी आली, असे घरात सांगत. शब्दाच्या कोणत्याही अर्थाने तीच आमची कॅराव्हॅन. शाहअलीबंड्याच्या आमच्या वाड्यात मागच्या अंगणात ती पुढे कितीतरी वर्षे उभी होती. १९९२ साली घराची वाढ करायची ठरली तेव्हा मी अंगणात उभे राहून दुरूनच तिच्याकडे पाहिले. धाव गंजलेली, आरे सैल, साटीच्या फळ्यांवर शेवाळ. दुरुस्ती परवडणार नाही, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीतला माणूस येऊन ती घेऊन गेला. आई तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी ताटे घेताना तिने एवढेच म्हटले, ‘निदान एकदा वर चढून तरी बघायचं होतंस.’

आता विचार करतो तेव्हा वाटते, त्या सैल आऱ्यांना नवी धाव तापवून चढवली असती तर चाक पुन्हा घट्ट झाले असते. तापलेली धाव थंड होताना आवळते आणि आरे तुंब्यात रुतून बसतात. हे काम करणारे लोहार १९९२ मध्ये आमच्या बाजूला होते. कदाचित आस कुजलाही असेल. कदाचित ती खरोखर दुरुस्त होण्यासारखी नसेलही. पण ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याची संधी मीच घालवली. समितीच्या कागदांवर केलेल्या सह्यांचे मला फारसे दुःख नाही. त्या वस्तू सरकारच्या होत्या आणि नियम होते. घरच्या वस्तूलाही मी तोच शेरा लावला, हे मात्र सलते.

सप्टेंबरमध्ये गाडी तयार झाली. पत्रे नव्या मऊ लांबणावर बसले होते. पाण्याच्या नळीने अर्धा तास चारी बाजूंनी फवारा मारून आत कागद ठेवून पाहिले. कागद कोरडे राहिले. मागचे दिवे, खुणेचे दिवे तपासले. आकडा सुटला तर ब्रेक आपोआप लागावा म्हणून असणारी तार मोटारीला अडकवली. पहिली फेरी लहान असावी, असा त्यांचा आग्रह. कोठे जायचे ते त्यांनी मला विचारले. मी ट्वायफर्ड म्हणालो.

आम्ही तेथे पोहोचताच शेजारी आधी खाली उतरले आणि दोन्ही चाकांच्या मध्यावर हाताचा तळवा ठेवला. बेअरिंग चुकीचे बसले असेल तर तो भाग तापतो. दोन्ही चाके गारच होती. चाकांच्या चकत्या पुन्हा एकदा आवळून त्यांनी आतल्या चुलीवर चहा केला. स्टेबल्स १८८५ मध्ये त्या गावातून घोडे जुंपून निघाले होते. तेथे त्या जुन्या मेजावर बसून आम्ही चहा घेतला. माझी पत्नी खिडकीची कडी उघडून बंद करीत होती. साठ वर्षांच्या हातांनी ती कडी गुळगुळीत झाली होती. पुढच्या वर्षी टाळेबंदीमुळे गाडी अंगणातच राहिली, पण २०२१ च्या उन्हाळ्यात ते पतिपत्नी तिच्यातून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. मुलीने पाठवलेल्या छायाचित्रात गाडीमागे समुद्र दिसतो.

आई आज नाही. दमणीतले आमच्याकडे जे उरले ते तिनेच वखारवाला येण्यापूर्वी सोडवून ठेवले होते : बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळ. यंदा तिचे कुजलेले चामडे मी चांभाराकडून बदलून घेतले आणि पितळेची घुंगरे तीच ठेवली. आपल्यासारख्या जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, परसांत अशा वस्तू अजूनही असतील : पेट्या, पाळणे, मोडके छकडे, दप्तरांचे रुमाल. त्या सगळ्या राखता येणार नाहीत, राखूही नयेत. मात्र शेरा मारण्यापूर्वी एकदा वर चढून पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.